डाव्या हाताचा अलिफ

ओल्या शाडूला लाकडाचा वास लागला, की त्यातून एक तिसराच गंध निर्माण होतो. ज्यांनी तो घेतला नाही त्यांना तो कसा समजावून सांगावा? थंडीच्या दिवसांत लोणावळ्याच्या मशिदीच्या भिंतीशी मौलवीसाहेबांकडे शिकणारी मुलं आपापल्या लाकडी पाट्या घेऊन बसत. आदल्या दिवशीचा धडा पाण्यानं धुऊन काढत, पाटीवर शाडूचा पातळ हात फिरवत, ती उन्हाकडे तोंड करून उभी करत आणि लवकर वाळावी म्हणून गाल फुगवून तिच्यावर फुंकर घालत. खंडाळ्याकडून आलेलं धुकं रस्त्यावर अजून रेंगाळत असे, उन्हाला पुरती ऊब आलेली नसे, आणि त्या अर्धवट उजेडात पांढऱ्याशुभ्र पाट्यांची ती रांग पाहताना कसली तरी अनामिक उत्सुकता मनात दाटून येई. मी माझ्या शाळेत निघालेलो असे. पण पाय तिथे अडकत, आणि मग उशिरा पोहोचल्याबद्दल हेडमास्तरांच्या कपाळावरची आठी पाहावी लागे. आठीचं काय, ती रोजचीच होती.

मी मराठी शाळेतला मास्तर. कामशेतच्या एका मुसलमान तांदूळ-व्यापाऱ्याचा धाकटा मुलगा, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून संस्कृतप्रचुर मराठी शिकून आलेला. वडिलांमागे दुकान सांभाळणारे माझे थोरले बंधू, आमचे भाई, गिऱ्हाइकांसमोर माझी ओळख करून देत ती अशी: "ह्यो आमचा मास्तर. तहान लागली तरी जल मागतो." लोक हसत, मीही हसे. पण कॉलेजात आम्हांला मोठ्या गांभीर्यानं शिकवलं होतं, की बालकाचं मन म्हणजे कोरी पाटी. शिक्षक लिहील तेच तीवर उमटणार. केवढा मोठा अधिकार! तो हाती घेऊन मी लोणावळ्याला आलो, तेव्हा विजेची इंजिनं घाट चढू लागून फार वर्षं झाली नव्हती, आणि मलाही नव्यानं काहीतरी ओढून वर न्यायचं आहे असं वाटत होतं.

शाळेत मात्र हेडमास्तरांचा निवाडा वेगळा. पाटी कोरी कसली, ती पूर्वजन्मीच्या अक्षरांनी आधीच भरलेली आहे. आपण फार तर समासात लिहायचं, असं ते म्हणत. रेल्वेच्या बंगल्यांकडे मुलांना शिकवणाऱ्या पाद्रीबाईंचं मत, की मानवाच्या पहिल्या आईबापांचं पाप प्रत्येक अर्भकाच्या अंगाला चिकटून येतं आणि शिक्षण म्हणजे मुख्यतः ते धुणं. एकच मूल, आणि त्याच्याविषयी तिघांचे तीन निवाडे. मूल आपलं नाक पुसत मधे उभं. माणूस मुळात कसा आहे, याचं उत्तर आपण आधी मनाशी ठरवतो आणि मगच छडी उचलायची की खडू हे ठरतं, हे तेव्हा माझ्या ध्यानात येऊ लागलं. मग जिज्ञासेचा किडा मला स्वस्थ बसू देईना. ज्या धर्मात मी जन्मलो, त्यातल्या विचारवंतांचं याविषयी काय म्हणणं होतं? नमाज येत होती, रोजे ठेवत होतो. पण हा प्रश्न मी कुणाला विचारलाच नव्हता.

विचारायला माणूस मशिदीच्या त्या भिंतीपलीकडेच होता. मौलवीसाहेब औरंगाबादेकडचे, दम्यासाठी हवापालट म्हणून आले आणि इथलेच झाले. अरबी-फारसीतल्या जुन्या हकीम-तत्त्वज्ञांचं त्यांचं वाचन अफाट, आणि हस्ताक्षर असं, की त्यांनी बोरूनं काढलेला नुसता अलिफ, म्हणजे वर्णमालेतलं पहिलं अक्षर, एक उभी रेघ, पाहत राहावी. त्या अक्षराचा त्यांना अभिमान होता आणि तो ते लपवतही नसत. उन्हं कलली की आम्ही कुसगावच्या रस्त्यानं फिरायला जात असू. मी पहिल्याच दिवशी त्यांना माझी कोरी पाटी ऐकवली. ते थांबले, दम घेतला आणि म्हणाले, "मास्तर, अक्षर नसलं म्हणून पाटी रिकामी झाली का? लाकूड कुठल्या झाडाचं, रेषा कुठल्या बाजूला, हे तुम्ही थोडंच लिहिता."

त्या वाक्यापासून आमचं फिरणं लांबत गेलं. मूल जन्मतं ते 'फितरत' घेऊन, असं ते सांगत. फितरत म्हणजे निर्मात्यानं घातलेली मूळची सरळ घडण. त्यात पाप नसतं, तशी पोकळीही नसते. सत्याकडे वळण्याची एक स्वाभाविक ओढ असते. वाकवतात ते पुढे आपण: आईबाप, संगत, गाव. माणसाला ओल्या मातीपासून घडवलं आणि मग तिच्यात दैवी श्वास फुंकला, ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण तिचा शिक्षणाशी संबंध मी कधी जोडला नव्हता. माती आहे म्हणून भूक आहे, राग आहे, आळस आहे. श्वास आहे म्हणून प्रश्न आहेत. मातीचा तिरस्कार करणारा शिक्षक मुलाला मारतो आणि श्वास विसरणारा शिक्षक त्याला पढवतो, असं मौलवीसाहेब म्हणत. आणि पढवलेल्या पोपटाला ज्ञानी कोण म्हणेल?

आणखी एक विचार मला फार विलोभनीय वाटे. देह मिळण्यापूर्वीच सर्व आत्म्यांना त्यांच्या पालनकर्त्यानं विचारलं होतं, मी तुमचा स्वामी नाही का? आणि सगळ्यांनी होकार दिला होता, अशी श्रद्धा आहे. तेव्हा जगात आलेला माणूस अज्ञानी नव्हे, विसरभोळा. शिकणं म्हणजे परक्या घरातलं सामान आणणं नव्हे, आपल्याच घरातलं हरवलेलं शोधणं. मग शिक्षकाचं काम काय? आठवण करून देणं. आठवण काही दरडावून देता येते का? एखाद्याला त्याचं हरवलेलं नाव आठवत असताना आपण त्याच्या कानाशी ओरडलो, तर आठवत आलेलंही तो विसरतो.

जुन्या तत्त्वज्ञांनी तर बुद्धीच्या सुप्त शक्तीचा उलगडा करायला लेखनाचाच दृष्टांत घेतला होता. तान्ह्या बाळात लिहिण्याची शक्ती आहे, पण ती बीजरूप. लेखणी, शाई आणि अक्षरं ओळखू लागलेल्या मुलात तीच शक्ती अंकुरलेली आहे. आणि कसलेला लेखक हात बांधून बसला असला तरी ती त्याच्यात पूर्ण आहे, मनात येईल तेव्हा तो लिहील. शक्ती तीच, अवस्था निराळ्या. म्हणून शिक्षणही टप्प्याटप्प्यानं, आधी खेळ, मग सवय, मग तर्क. सक्ती मात्र कुठल्याच टप्प्याला नको, कारण जिथे सक्ती असते तिथे मूल सर्वांत आधी लपवायला शिकतं, हेही त्यांनी शेकडो वर्षांपूर्वी ओळखलं होतं. हे ऐकताना मी भारावून जाई. कामशेतला आमच्या घरी शिजणाऱ्या आंबेमोहराचा दरवळ भाईंनी कुठे तांदळात घातलेला असतो? तो त्यांना फक्त टिकवता येतो, नाहीतर ओल लागू देऊन घालवता येतो. मी ही उपमा मौलवीसाहेबांना ऐकवली, तर ते म्हणाले, तांदूळ कधी पाठवताय?

तत्त्वज्ञान ऐकायला असं सुखाचं असतं. ते पेलायची पाळी येते तेव्हा घरातलंच कुणीतरी मधे उभं असतं. आमच्याकडे ती जुबी होती.

जुबी ही भाईंची धाकटी लेक. अखंड बडबड. शनिवारी मी कामशेतला उतरलो, की स्टेशनपासून दुकानापर्यंत माझं बोट धरून ती आठवडाभराचा वृत्तांत सांगे. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या गाडीचं चाक निखळलं, सगळं. शेजारचे आबा, वयोवृद्ध शेतकरी, संध्याकाळी मुद्दाम आमच्या ओट्यावर येऊन बसत आणि म्हणत, "जुबे, बोल बाय कायतरी. लय ग्वाड वाटतं." मग ती बोले, आणि आबा तंबाखू मळायची विसरत.

आमच्यात मूल चार वर्षं, चार महिने आणि चार दिवसांचं झालं, की त्याची बिस्मिल्ला करतात. त्या दिवशी ते पहिलं अक्षर म्हणतं, पहिलं अक्षर गिरवतं. जुबीच्या बिस्मिल्लासाठी मी मौलवीसाहेबांना लोणावळ्याहून घेऊन गेलो. तिच्या आईनं, भाबींनी, तिला हिरवा कुडता घालून जरीची ओढणी पांघरली होती, ओसरीवर जाजम अंथरलं होतं, आप्तेष्ट आणि शेजारीपाजारी दाटीनं बसले होते, आबा अगदी पुढे. मौलवीसाहेबांनी मुलांना सांगतात तशी गोष्ट सांगितली, की ईश्वरानं सर्वांआधी लेखणी निर्माण केली. जुबीनं विचारलं, "मंग ती धरली कुनी?" सगळी ओसरी हसली. मौलवीसाहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांतला आनंद मला आजही दिसतो.

मग केशराच्या शाईत बुडवलेला बोरू त्यांनी तिच्यापुढे धरला. जुबीनं डावा हात पुढे केला.

मौलवीसाहेबांनी सौम्यपणे बोरू तिच्या उजव्या हातात दिला. तिनं तो डाव्यात घेतला. पुन्हा उजव्यात दिला, पुन्हा डाव्यात गेला. बायका कुजबुजल्या. भाईंचा चेहरा उतरला. "न्हाई जुबे, उजव्या हातानं. शुभ काम हाय," ते दबक्या आवाजात म्हणाले. शुभारंभ उजव्या हातानं करावा, हा आमच्यातला आदब. आदब म्हणजे नुसता शिष्टाचार नव्हे, प्रत्येक गोष्टीला तिची योग्य जागा देणं. तो मौलवीसाहेबांच्या हाडीमासी भिनलेला. त्यांनी तिचा उजवा हात आपल्या हातात धरून अलिफ गिरवून घेतला, आणि निघताना भाबींना म्हणाले, डावा हात काही दिवस मऊ कापडानं बांधून ठेवा, दुखेल असं बांधू नका, वळण लागेल. भाबींनी ओढणीचीच पट्टी काढून तो हात कमरेशी बांधला. कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या आळीत डावखुऱ्या मुलांचं असंच करत आले होते.

पुढच्या शनिवारी जुबी स्टेशनवर आली, पण वृत्तांत सांगताना पहिल्याच शब्दावर अडखळली. त्यानंतरच्या शनिवारी ती अडखळण्याच्या भीतीनं वाक्यच सुरू करीना. आणि मग तिनं बोलणं सोडलं. पाणी हवं असलं की भाबींचा पदर ओढायची आणि माठाकडे बोट दाखवायची. उजव्या हातानं काढलेल्या तिच्या रेघा थरथरत, आणि रेघ बिघडली की ती अपराध्यासारखी बापाकडे पाही. आबा ओट्यावर येत, वाट बघत आणि उठून जात. एकदा जाताना मला म्हणाले, "मास्तर, पोरीची वाचा कुटं गेली रं?" भाबी दृष्ट काढून थकल्या. आणि भाई, ज्यांना ती बडबड ऐकल्याशिवाय घास गोड लागत नसे, ते एका दुपारी निकरानं म्हणाले, "लिवनं-वाचनं नगंच तिला. गप घरात ऱ्हाऊं दे. लेक मुकी झाली तर त्या अक्षरांचं काय करू मी?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, भय होतं. रात्री लोणावळ्याच्या गाडीत बसलो तेव्हा माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी कुसगावच्या रस्त्यावर मी हे सांगितलं, तेव्हा मौलवीसाहेब प्रथम चिडले. "हाताचा आणि जिभेचा काय संबंध, मास्तर? पुण्याचं काहीतरी ऐकून आलात." संबंध काय, हे मला ठाऊक नव्हतं, आजही नाही. पण मी म्हणालो, की लिहिण्याची शक्ती बीजरूपानं प्रत्येक तान्ह्या बाळात असते, हे तुम्हीच मला शिकवलंत. ती जुबीच्या कुठल्या हातात ठेवली आहे, हे आपण ठरवायचं की ठेवणाऱ्यानं? त्यांनी उलट एवढंच विचारलं, "लेखणी कुणी धरली, असं विचारणारीच ना ही?" मी मान हलवली. त्या दिवशी आम्ही अर्ध्या वाटेवरून परतलो.

त्यांच्यापुढचा पेच मी समजू शकत होतो, आणि खरं सांगायचं तर तो मला अतिशय रोचक वाटत होता. फितरतीला बाधा न आणणं हे शिक्षणाचं पहिलं तत्त्व. आणि मातीच्या गोळ्याला आदब लावणं हे दुसरं. दोन्ही त्याच एका मनुष्यविचारातून निघालेली. पण एक हात त्या दोहोंच्या मधे आला, तर कुणी मागे सरायचं? वळण लावणं कुठे संपतं आणि मोडणं कुठे सुरू होतं? फांदी वाकते आहे की तडकते आहे, हे तिच्या आवाजावरूनच कळतं. आणि इथे तर आवाजच बंद झाला होता.

पुढचे काही दिवस मौलवीसाहेब मुलांच्या पाट्यांकडे कमी आणि हातांकडे अधिक पाहत होते. मग एका सकाळी त्यांनी मला भिंतीपलीकडून हाक मारली आणि आपल्या उजव्या हाताची कड दाखवली. करंगळीपासून मनगटापर्यंत काळी. जन्मभराच्या शाईनं कातडीच रंगली होती. आमची लिपी उजवीकडून डावीकडे धावते, त्यामुळे उजवा हात नुकत्याच लिहिलेल्या ओल्या अक्षरांवरून घासत जातो, आणि प्रत्येक मुलाच्या हाताची तीच कड काळी होते. "डाव्या हातानं लिहिणाऱ्याचं अक्षर पुसणार नाही, मास्तर. इतकी वर्षं हात धुतोय, कधी डोक्यात आलं नाही," ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "त्या मुलीत काय ठेवलं आहे, हे मी पाहायला हवं होतं. मी लोक काय म्हणतील ते पाहिलं." आणि लगेच, बिस्मिल्लाला आलेल्या सगळ्यांना भाईंनी पुन्हा बोलवावं असा निरोप मला दिला.

निरोप मिळताच भाई बावरून लोणावळ्याला आले. "मौलवीसाब, आता परत लोकं कशाला?" यावर मौलवीसाहेबांचं उत्तर होतं, "चूक चारचौघांत झाली, भाई. ती माजघरात कशी दुरुस्त करू?" तेव्हा पुन्हा जाजम अंथरलं गेलं, पुन्हा दाटी झाली. मौलवीसाहेबांनी सर्वांसमक्ष सांगितलं, की मूल आईबापांची मालमत्ता नाही आणि उस्तादाचीही नाही. ते अमानत आहे, सांभाळायला दिलेली ठेव, आणि ठेव जशी दिली तशी सांभाळायची असते. या ठेवीला मी गाठ मारली, ती मी सोडतो. भाईंनी हळूच विचारलं, "मंग जेवायचं कुटल्या हातानं?" मौलवीसाहेब म्हणाले, "उजव्या. जेवण सगळ्यांच्या पंगतीत असतं, तिथे सगळ्यांसारखं. लिहिणं तिचं एकटीचं आहे." आबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय, हे पटतंय."

मौलवीसाहेबांनी गुडघे टेकून तिच्या हाताची अजून बांधलेलीच असलेली पट्टी स्वतः सोडली. जुबीनं मोकळा झालेला हात चटकन पाठीमागे लपवला आणि उजवा पुढे केला.

भाबींनी तोंडाला पदर लावला. कापड सुटलं होतं आणि ती चिमुरडी आपल्याच हाताला लपवून उभी होती. आता बोरू तिच्या डाव्या हातात दिला असता तर तीही सक्तीच झाली असती, नाही का? मौलवीसाहेबांना ते माझ्याआधी कळलं असावं. पाटी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली, बोरू शाईत बुडवला, आणि तो आपल्या डाव्या हातात धरला.

ज्यांचं अक्षर पाहायला पुण्याहून लोक येत, त्या माणसानं भरल्या ओसरीत काढलेला तो अलिफ शेवग्याच्या शेंगेसारखा वाकडा आला. शाई ओघळली. पोरं फिदीफिदी हसली, भाईंनी त्यांना डोळे वटारून गप्प केलं. मौलवीसाहेबांनी दुसरा काढला, तो पहिल्याहून वाईट. बोरू ते अशा घट्ट मुठीत धरत होते, की बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि कपाळावर घाम आला होता. हे नाटक नव्हतं, त्यांना खरोखर जमत नव्हतं. जुबी एक पाऊल पुढे आली. वाकून पाटीकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे. मौलवीसाहेब म्हणाले, "बेटी, मला येत नाही."

पाठीमागचा हात बाहेर आला आणि त्यांच्या आवळलेल्या मुठीवर टेकला.

"ज… जोर नगा लावू, मौलवीसाब," जुबी म्हणाली. "आपसूक येतो त्यो."

मौलवीसाहेबांनी मूठ सैल केली. कित्येक आठवड्यांत पुरं झालेलं ते तिचं पहिलं वाक्य होतं.